पीळ बसेपर्यंत

(मोटारींच्या सीटांना कव्हरं शिवायचं दुकान. भर दुपार. मशीनवर थोरला भाऊ, समोरच्या खुर्चीवर धाकटी बहीण. घरात तिला बारकी म्हणतात.)

दादा: …आणि ती खुर्ची सोड, दुसरीवर बस. तिचा एक पाय लुळा आहे. उद्या टीव्हीवर दिसायचंय तुला. आज इथे आपटलीस तर तुझे कंपनीवाले माझ्या नावानं शंख करतील.

बारकी: विषय बदलू नकोस. मी काय विचारलं?

दादा: उद्या कार्यक्रमाला येतोस का, असं विचारलंस. मी म्हटलं, येतो. पास खिशात आहे, शर्टाला इस्त्री आहे, आणखी काय पाहिजे?

बारकी: ऐकायला नाही बोलावत आहे. गायला ये म्हणतेय. माझ्या मागे, पहिल्यासारखा.

दादा: बसच्या सीटा आल्यात गं. ही रांग बघ. अख्खी बस बिचारी उघडी पडलीय तिकडे शेडमध्ये.

बारकी: मागच्या वेळीही बसच्याच सीटा होत्या.

दादा: आता बसला सीटा असतातच, त्याला मी काय करू?

बारकी: मशीन थांबव ना जरा.

दादा: ही शिवण संपू दे. मधेच थांबलं की दोरा गुंततो. तू बोल, कान रिकामेच आहेत.

बारकी: मागच्या कार्यक्रमात माझा आवाज बंद पडला.

दादा: वाचलं मी पेपरात. "तिसऱ्या कडव्याला गायिका गहिवरल्या, सभागृह हेलावलं." तुझ्या वहिनीनं कात्रण कापून ठेवलंय.

बारकी: गहिवर कसला डोंबलाचा. दम संपला होता. तोंड उघडं आणि आतून काहीच येत नव्हतं. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मी आपली डोळे पुसल्यासारखं केलं आणि पाठ फिरवून श्वास ओढत उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, रडतेय. थांबलं की मशीन.

दादा: शिवण संपली.

बारकी: उद्याचं सगळीकडे थेट दिसणार आहे. एकदा गहिवरले, खपून गेलं. रोज त्याच जागी कोण गहिवरतं? आणि जमलं नाही तर संपलंच रे. इतकी वर्षं शाळेच्या हॉलात, वाचनालयात, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला गायलो, ते सगळं पाण्यात.

दादा: तो वाचनालयातला आठवतो? समोर चार टाळकी, त्यातला एक नुसता दिवे घालवायला थांबलेला. तू जीव तोडून गातेयस आणि तो किल्ल्या वाजवतोय.

बारकी: आणि तू तिकडून मागून ओरडलास, "किल्ल्या तालात वाजवा हो!"

दादा: वाजवल्या की त्यानं नंतर. बरा माणूस होता. जाताना आपली टेपही घेऊन गेला. आपल्या व्हॅनच्या मागच्या सीटखालून काढून दिली होती मी, पुसून.

बारकी: तेव्हा माझा दम कधी संपला नाही, दादा. एकदाही नाही. घसा फुटायचा, ताप असायचा, पण दम नाही संपला. आता मोठ्या हॉटेलात राहते, गाडी दारात येते, डॉक्टर आहे, आवाजाच्या व्यायामाला बाई आहे. आणि तिसऱ्या कडव्याला मी बुडते.

दादा: वय झालं तुझं.

बारकी: मस्करी नको. परवा प्रवासात मी आपली ती पहिली टेप ऐकली. स्वयंपाकघरात भरलेली. मागे कुकरच्या झाकणाचा आवाज आहे बघ.

दादा: झाकण नव्हे, ते तुझ्या वहिनीचं तोंड होतं.

बारकी: मी तुला उशीरराव का म्हणायचे, आठवतं ना?

दादा: विसरेन कसा? आख्ख्या गावाला सांगितलंस. "आमचा दादा गातो छान, पण गाडी दर वेळी लेट." मी तुला सांगून दमलो की बाई, मी हॉलच्या पार मागे साउंडच्या टेबलाशी उभा असतो. तुझा सूर माझ्यापर्यंत चालत येणार, मग माझा तुझ्यापर्यंत चालत जाणार. उशीर होणारच. अंतर आहे ते.

बारकी: स्वयंपाकघरात किती अंतर होतं?

दादा: म्हणजे?

बारकी: मी ओट्याला टेकून उभी होते. तू दारात पाटावर बसला होतास. हात लांबवला असता तर माझी वेणी ओढता आली असती, आणि ओढलीही होतीस. मग त्या टेपवर का उशीर आहे? "डाग कुणाचा विचारू नये" ही माझी ओळ संपते. मग काहीच नाही. नुसता कुकर. आणि मग तुझं "ज्याचं त्याला धुऊन दे". प्रत्येक कडव्याला तसंच.

दादा: जुनी टेप आहे. ताणली असेल.

बारकी: टेप ताणली तर आवाज ताणतो. आवाज सरळ आहे.

दादा: चहा घेणार का तू?

वहिनी: घेणार आहे, आणलाय. मोठ्या गायिका आमच्या दुकानात आल्या आणि चहाशिवाय गेल्या, असं नको व्हायला. कशा आहात, वन्सं?

बारकी: वहिनी, तू तरी अहोजाहो करू नकोस.

वहिनी: बरं बाई, बारके. किती वाळलीस. त्या हॉटेलात जेवायला घालतात की नुसतं ताट दाखवून नेतात?

बारकी: घालतात. समोर कुणी नसलं की जात नाही. खोलीत दोन पलंग असतात. एकावर मी झोपते, दुसऱ्यावर बॅग झोपवते. सकाळी उठून तिलाच विचारते, चल, निघायचं?

वहिनी: हे ऐकलंत का?

दादा: ऐकतोय.

वहिनी: नुसते ऐका. मी सांगते बारके, तुझं ते गाणं रेडिओवर लागलं ना, की यांचा पाय मशीनवर थांबतो. तुझी ओळ संपली की हे गप्प. मग तोंड उघडतात "ज्याचं त्याला" म्हणायला, तोवर त्या रेडिओतल्या मुली म्हणून मोकळ्यासुद्धा झालेल्या असतात. हे आपले तोंड उघडं ठेवून बसतात, माशी जाईल आत. रोजचा तमाशा आहे. गिऱ्हाईक हसतं.

दादा: झालं तुझं?

वहिनी: झालं. कप ठेवा नंतर बाहेर. आणि भांडणार असाल तर हळू भांडा, शेजारी झोपलेत. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुम्हा भावंडांचा. जाते मी, भात लावायचाय. बारके, जेवूनच जायचं, सांगून ठेवते.

बारकी: …दादा.

दादा: हं.

बारकी: तू मुद्दाम थांबायचास.

दादा: चहा गार होतोय.

बारकी: सांग ना रे.

दादा: काय सांगायचं त्यात? तुला दम पुरायचा नाही. लहानपणी छाती भरली होती तुझी, महिनाभर अंथरुणात होतीस. त्यानंतर आईनं तुला धुण्याच्या हौदाजवळ फिरकू दिलं नाही. तुला गाणं सुचतं, आवाज देवानं दिलाय, पण भाता लहान. ओळ संपली की तुझे खांदे वर चढायचे, कानापर्यंत. मी मागून तेवढंच बघायचो. खांदे खाली आले की मी सुरू करायचो. बस, इतकंच आहे ते.

बारकी: आणि मी तुला चारचौघांत उशीरराव म्हणायचे.

दादा: मग काय बिघडलं? चांगलं नाव आहे. आदरार्थी आहे.

बारकी: सांगितलं का नाहीस?

दादा: सांगितलं असतं तर तू खांद्यांकडे लक्ष दिलं असतंस. गाण्याकडे कुणी दिलं असतं?

बारकी: मला वाटलं, तू रुसून गेलास. रेकॉर्ड कंपनी आली, मोठे वादक आले, तुला टेबलावरून उठवलं, म्हणून. मी मनातल्या मनात किती भांडले तुझ्याशी. स्टेजवरून अजून दर ओळीला हॉलच्या पार मागे बघते. तिथे कोण असतं, माहीत आहे? भिंत.

दादा: रुसायला मी काय नवरी आहे? आलो होतो की मी त्यांच्या स्टुडिओत. तुझ्या त्या संगीत संयोजकांनी चांगलं वागवलं, कॉफी दिली. मग मला एका काचेच्या खोलीत उभं केलं आणि कानात ते यंत्र घातलं. टक, टक, टक. म्हणे त्या टकटकीवर गायचं. तुझ्या कानातही तीच. मी पहिल्यांदा माझ्या सवयीनं थांबलो. ते म्हणाले, दादा, उशीर झाला. दुसऱ्यांदा झाला, म्हणाले, दादा, पुन्हा उशीर. तिसऱ्यांदा मी वेळेवर गायलो. अगदी टकटकीवर. सगळे खूश. आणि काचेतून तू दिसलीस, खोकत खाली बसलेली.

बारकी: तेव्हा मी म्हटलं, पाण्याचा ठसका लागला.

दादा: हो. तू तसं म्हणालीस, त्यांनी तसं ऐकलं. मी म्हटलं, हे काही खरं नाही. वेळेवर गायलो तर हिचा जीव जातो आणि उशिरा गायलो तर हे लोक गाऊ देणार नाहीत. मग मी तिथे कशाला पाहिजे? वेळेवर गाणाऱ्या पोरी त्यांच्याकडे आहेतच, माझ्यापेक्षा बऱ्या. आलो निघून. बसच्या सीटा होत्याच.

बारकी: म्हणून म्हणते, उद्या ये. मी त्यांना सांगते, दादा असेल तर मी गाईन, नाहीतर नाही.

दादा: आणि परवा? तू इथून कुठे कुठे जाणार, त्याची यादी माझ्या पासच्या मागेच छापलीय. सगळीकडे मी येऊ? दुकान बंद करू? तुझी वहिनी मला चालत्या बसमधून ढकलून देईल. आणि खरं सांगू का बारके, गाणारा मी नव्हेच. मला गाडी चालवायला आवडायचं, वायरी जोडायला आवडायचं. तुला श्वास मिळावा म्हणून ती एक ओळ म्हणायचो. ती ओळ सोडली तर मला दुसरं गाणं येत नाही.

बारकी: मला फार एकटं वाटतं रे. लोक फोटो काढतात, हात हातात घेतात, म्हणतात तुमच्या गाण्यात आमची आई दिसली. आणि मी खोलीत जाऊन बॅगेशी बोलते.

दादा: मलाही वाटतं. इथे दिवसभर माणसं येतात, पण व्हॅनमध्ये तू पाय वर घेऊन झोपायचीस आणि झोपेत चाल गुणगुणायचीस, तसं इथे कोण करतंय? व्हॅन विकायला काढली होती मी. गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, भाव ठरला. मग मीच म्हटलं, इंजिन खराब आहे, घेऊ नका.

बारकी: आहे खराब?

दादा: ठणठणीत आहे. उठ. हे टोक धर.

बारकी: काय आहे हे?

दादा: मांजरपाट. सीटच्या आतून लावतात. दोन्ही हातांनी धर, घट्ट. तू कधी पिळायला चादर धरलीच नाहीस ना आयुष्यात.

बारकी: आई धरूच द्यायची नाही. मी खिडकीतून बघायचे. ती धुवायची त्या इस्पितळाच्या पांढऱ्या चादरींचे ढीग, आणि सगळ्या बायका हौदाच्या दोन्ही बाजूंना.

दादा: बघायचीस कुठे, ऐकायचीस. खिडकीच्या वर तुझं नाकही पोचायचं नाही. म्हणून गाण्याची चाल तुला आली आणि काम नाही आलं. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मी, शेजारची आली नाही की. आई एक ओळ म्हणायची आणि पीळ घालायची. तू तुझ्या उजवीकडे फिरव, मी माझ्या. फिरव. अजून. आता बघ, कापड आखडतं आणि तुला माझ्याकडे ओढतं. ओढतंय?

बारकी: ओढतंय.

दादा: अजून एक वेढा. आता पाणी पडतंय असं समज. या वेळी समोरच्यानं गायचं नसतं. ताकद कापडात घालायची असते, तोंडात नाही. मी एकदा मधेच गायलो तर आई ओरडली, "पीळ बसू दे रे आधी!" पाणी गळून गेलं, हात सैल झाले, की मग दुसरी ओळ. आता म्हण.

बारकी: कोणती?

दादा: बाई, आख्खं जग म्हणतंय आणि तू मला विचारतेस?

बारकी: "डाग कुणाचा विचारू नये…"

दादा: पीळ घाल. गप्प. माझ्याकडे नको बघूस, कापडाकडे बघ. …आता सोड. "ज्याचं त्याला धुऊन दे." खांदे खाली आले तुझे.

बारकी: म्हणजे ती जागा आईच्या गाण्यातच होती.

दादा: होती. मी काही नवीन केलं नाही. फक्त तिथे ती जागा चादर पिळायला होती, मी ती तुझ्या श्वासासाठी ठेवली. रेडिओवर गाणं लागतं ना, तेव्हा मला तेच खटकतं. गोड वाजतं सगळं, पण कपडे ओलेच राहतात.

बारकी: मग हे तू सांग संयोजकांना. तुझं ऐकतील.

दादा: मी नाही. तू सांग.

बारकी: काय सांगू? मला दम पुरत नाही म्हणून? आजवर कुणाला कळू दिलं नाही मी. कळलं तर म्हणतील, हिचं काय खरं आहे, आज आहे उद्या नाही.

दादा: म्हणू देत. उद्या टीव्हीवर खाली बसलीस तर ते न सांगताच कळेल. फोन लाव.

बारकी: आत्ता?

दादा: नाही, पुढच्या जन्मी. लाव.

बारकी: …हॅलो, सर. हो, मीच. हो, संध्याकाळी तालमीला येते. सर, एक सांगायचं होतं. ते "धुऊन दे"मध्ये… माझी ओळ आणि मुलींची ओळ, यांच्यामध्ये जागा पाहिजे. नाही, थोडी नाही. चांगली मोठी. …हो, कळतं मला, टकटकीत बसणार नाही ते. टकटक काढा माझ्या कानातून. …सर, मला श्वास घ्यायला वेळ लागतो. …नाही, सर्दी नाही. लहानपणापासून आहे. त्या दिवशी मी गहिवरले नव्हते. …हो. …नाही, कुणाला बोलले नव्हते. तुम्हालाच पहिल्यांदा.

दादा: चांगलं चाललंय. बोल.

बारकी: …मुली गातील ना, पण माझे खांदे खाली आले की मग. त्यांना सांगा, माझ्या खांद्यांकडे बघा. …त्या जागेत? त्या जागेत काही वाजवायचं नाही, सर. बासरी नको. तबला नको. काहीच नको. …लोकांना वाटू दे, गाणं संपलं. वाजवल्या टाळ्या तर वाजवू देत, मी थांबेन. …हो. तसंच आहे ते मूळचं. …बरं. संध्याकाळी बघू. ठेवते.

दादा: काय म्हणाला?

बारकी: म्हणाले, आधी सांगायला हवं होतं. करून बघू म्हणाले.

दादा: करेल. कॉफी देणारा माणूस आहे.

बारकी: माझे हात बघ कसे लाल झालेत.

दादा: पीळ घातलास ना, म्हणून. सवय नाही तुला. तो चहा टाकून दे, गार झाला. वहिनी दुसरा करेल.

बारकी: दादा, तू खरंच नाही येणार गायला.

दादा: नाही गं.

बारकी: मग ती जागा रिकामीच राहणार.

दादा: रिकामी कशी? तू असशील की तिच्यात. श्वास घेत.

बारकी: तू समोर बस मग. पास पहिल्या रांगेचा आहे, मधोमध. मला दिसशील असा.

दादा: तिथे तुझ्या वहिनीला बसव, तिनं साडी काढून ठेवलीय. मी मागे उभा राहतो, दारापाशी. तीच सवय आहे.

बारकी: इतक्या मागे? मोठं सभागृह आहे ते. ऐकू तरी येईल का तुला?

दादा: येईल की. जरा उशिरा पोचेल, एवढंच.